हेवीचं लायसन मिळालं, आता पुढे? मुंबईत ट्रक चालवायला लागणाऱ्यांसाठी

आरटीओच्या ट्रॅकवर आठचा आकडा काढून लायसन मिळतं, पण ट्रॅकवर माल नसतो, घाट नसतो आणि डाव्या बाजूने घुसणारी स्कूटरही नसते. पहिल्या वर्षात नवा ड्रायव्हर अडचणीत येतो तो बहुतेक वेळा स्टिअरिंगमुळे नाही. कागद न बघता किल्ली घेतली, गाडीभोवती फेरी न मारता सेल्फ मारला, किंवा "नाही" म्हणायच्या जागी "बघू" म्हटलं, म्हणून येतो. गाडी मालकाची, माल व्यापाऱ्याचा, पण रस्त्यावर पोलिसासमोर उभे राहणार तुम्ही. पुढचं सगळं ते लक्षात ठेवून लिहिलं आहे.

लायसनवर नेमकं काय आहे ते आधी वाचा

कार्डावर कोणते वर्ग चढले आहेत आणि ट्रान्सपोर्टची मुदत कोणत्या तारखेपर्यंत आहे, या दोन गोष्टी बघा. ट्रान्सपोर्ट वाहनासाठी वय किमान २० पूर्ण लागतं आणि हलक्या वाहनाचं लायसन किमान एक वर्ष जुनं असावं लागतं, हे तुम्ही पार केलंच आहे. ट्रान्सपोर्टची मुदत ५ वर्षांची असते. खासगी गाडीची मुदत वेगळी आणि लांबची असते, त्यामुळे एकाच कार्डावर दोन तारखा दिसतात आणि माणूस नेमकी चुकीची लक्षात ठेवतो. मुदत संपल्यावर पूर्वी ३० दिवसांची सवलत मिळायची, २०१९च्या दुरुस्तीनंतर ती गेली. मुदत संपण्याच्या आधी वर्षभर नूतनीकरण करता येतं, त्यामुळे दोन महिने आधीच फॉर्म १-ए वर डॉक्टरकडून तपासणी करून घ्या. मुदत संपलेल्या लायसनवर अपघात झाला, तर विमा कंपनी दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करू शकते, आणि मालक ती कोणावर काढेल ते सांगायला नको.

ज्यांचं अजून फक्त हलक्या वाहनाचं लायसन आहे, त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोष्ट स्पष्ट केली आहे: मालासकट एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेलं मालवाहू वाहन त्या लायसनवर चालवता येतं. टाटा ४०७ आणि त्याच गटातल्या आयशर याच वजनात बसतात. तरी आरसीवरचा (गाडीच्या नोंदणीच्या कागदावरचा) आकडा बघूनच बसा. दिसायला सारख्या दोन गाड्यांचं वजन वेगळं असू शकतं.

रसायनं, पेट्रोल-डिझेल, गॅस यांच्या टँकरसाठी वेगळं प्रशिक्षण आणि लायसनवर वेगळी नोंद लागते. माहुल-चेंबूरच्या टँकरवर पगार बरा मिळतो, हे खरं. पण अर्धवट भरलेल्या टँकरमध्ये द्रव हिंदकळतो आणि वळणावर गाडीला ढकलतो. पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका.

पहिलं काम कुठे धरावं

मुंबईच्या आसपास मालाची चार-पाच मोठी ठिकाणं आहेत आणि प्रत्येकाची चाल निराळी. भिवंडीची गोदामं, म्हणजे मानकोली, पूर्णा, काल्हेर, राहनाळ, दापोडे हा पट्टा, पार्सल आणि ऑनलाइन मालाची. लोडिंग संध्याकाळी, धावणं रात्री. वाशीच्या एपीएमसीत भाजीच्या गाड्या पहाटेच्या आत पोचाव्या लागतात, उशीर झाला की भाव पडतो आणि बोलणी तुम्हाला बसतात. कळंबोलीच्या लोखंड बाजारात माल आकाराने लहान पण वजनाने भारी. न्हावा शेवा बंदरात कंटेनर, तिथे चालवण्यापेक्षा थांबणं जास्त. वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलवरून सगळीकडच्या गाड्या सुटतात.

आमचं स्पष्ट मत असं की पहिले सहा महिने ते वर्षभर सहाचाकी गाडीवर, ठरलेल्या एकाच वाटेवर काम धरा. भिवंडी ते पुणे किंवा भिवंडी ते नाशिक असं. तीच वाट पुन्हा पुन्हा केली की कुठे गिअर पाडायचा, कुठे खड्डा आहे, कुठल्या ढाब्यावर गाडी सुरक्षित उभी राहते, हे अंगात भिनतं आणि डोकं गाडी ओळखायला मोकळं राहतं. चाळीस फुटी ट्रेलरवर पैसे जास्त दिसतात, पण रिव्हर्स हातात बसल्याशिवाय ट्रेलर घेऊ नका. आणि पहिल्या वर्षी कर्ज काढून स्वतःची गाडी तर मुळीच नको.

मालकाशी बोलताना पगार महिन्यावर की खेपेवर, भत्ता दिवसाला किती, हॉल्टिंग (माल चढवा-उतरवायला गाडी थांबून राहणं) झालं तर तो चालू राहतो का, पंक्चर, हमाली आणि वाराई (माल उतरवताना ट्रकवाल्याकडून घेतली जाणारी रक्कम) कोणाच्या खिशातून, आणि ई-चलान कोणी भरायचं, हे पाच प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा. वेगाचं चलान ड्रायव्हरचं, कागदाचं आणि ओव्हरलोडचं मालकाचं, अशी वाटणी न्याय्य आहे. ती व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. मूळ लायसन कोणाकडेही "ठेवून" द्यायचं नाही. कोऱ्या कागदावर सही नाही. उचल घ्यावी लागलीच तर रक्कम आणि तारीख दोघांच्या फोनमध्ये असू द्या.

किल्ली घेण्याआधी कागद

गाडीचा नंबर एम-परिवहन ॲपवर टाका. आरसी, फिटनेस, विमा, पीयूसी, टॅक्स आणि परमिट यांच्या तारखा दिसतात. नव्या मालवाहू गाडीचं फिटनेस पहिली ८ वर्षं दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी करावं लागतं. जुन्या गाडीत तेच सगळ्यात आधी संपलेलं सापडतं. महाट्रॅफिकवर थकीत चलानही बघून घ्या आणि त्या दिवसाचा स्क्रीनशॉट ठेवा, म्हणजे आधीच्या ड्रायव्हरची चलानं तुमच्या नावावर येणार नाहीत. डिजिलॉकरमधले कागद चालतात, पण फोनची बॅटरी संपते, म्हणून झेरॉक्सचा एक संच केबिनमध्ये असू द्या.

मग वजन. २०१८च्या सुधारित मर्यादेनुसार दोन आसांच्या (ॲक्सलच्या) सहाचाकी ट्रकचं मालासकट वजन जास्तीत जास्त १८.५ टन आणि तीन आसांच्या दहाचाकीचं २८.५ टन. पण तुमच्या गाडीला लागू होतो तो आरसीवरचाच आकडा, आणि जुन्या गाडीवर तो कमी असू शकतो. समजा आरसीवर एकूण वजन १८,५०० आणि रिकामं वजन ६,८०० किलो आहे. वजाबाकी ११,७००. टाकीतलं ३०० लिटर डिझेल म्हणजे साधारण २५० किलो, वर दोन माणसं, ताडपत्री, रस्सी. म्हणजे सव्वाअकरा टनांवर थांबायचं. "बारा टनच आहे, काही होत नाही" असं लोडिंगवाला म्हणेल. त्याला काही होत नाही, हे खरंच आहे. कायद्यात ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो. दोन टन जास्त म्हणजे २४,०००, आणि काट्यावर गाडी न्यायला नकार दिला तर ४०,०००. माल भरल्यावर गोदामाबाहेरच्या वजनकाट्यावर चढवा आणि काटा चिठ्ठी बिल्टीला (माल पाठवल्याच्या पावतीला) टाचून ठेवा.

ई-वे बिलात (माल नेण्यासाठी लागणारं जीएसटीचं ऑनलाइन बिल) भाग-ब मध्ये तुमच्याच गाडीचा नंबर आहे का, ते अक्षर न अक्षर बघा. मुदत २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजतात; म्हणजे ७०० किलोमीटरला ४ दिवस. वाटेत गाडी बंद पडली आणि माल दुसऱ्या गाडीत भरला, तर भाग-ब बदलल्याशिवाय ती दुसरी गाडी हलवू नका. मुदत वाढवायची सोय संपण्याच्या आधीचे ८ तास आणि नंतरचे ८ तास एवढीच असते. अडकलात तर वेळेत ऑफिसला फोन करा, सकाळची वाट बघू नका.

सकाळची फेरी

वीस मिनिटं लागतात. घाई असली तरी करायचीच.

इंजिन थंड असताना ऑईल, कूलंट, बेल्ट. गाडीखाली वाकून बघा: ओला डाग डिझेलचा, ऑईलचा की पाण्याचा, ते बोट लावून वास घेतला की कळतं. बीएस-६ गाडीत युरिया, म्हणजे डीईएफ, किती आहे ते बघा. तो संपत आला की गाडी स्वतःच ताकद कमी करते आणि नेमकी चढावर करते. त्यात पाणी घालून वेळ मारून न्यायला गेलात तर पूर्ण यंत्रणा बदलायचा खर्च येतो. डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा लागला तर दुर्लक्ष करून तसंच पुढे जाऊ नका. सुरक्षित जागी उभं राहून गाडीच्या पुस्तकात सांगितलंय तसं रिजनरेशन (साचलेली काजळी जाळणं) होऊ द्या. त्या वेळी सायलेन्सर प्रचंड तापतो, खाली सुकं गवत किंवा कचरा नको.

टायरची हवा थंड असताना मोजा. रेडियल टायरला साधारण ११० ते १२० पीएसआय असते, नेमका आकडा कंपनीच्या पट्टीवर लिहिलेला असतो. तापलेल्या टायरमध्ये हवा जास्त दिसते म्हणून ती काढू नका. थंड झाल्यावर कमी पडेल आणि कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त तापतो आणि फुटतो. मागच्या जोड टायरमध्ये आतल्याची हवा कोणी बघत नाही. तो बसला की सगळं वजन बाहेरच्यावर येतं आणि तोही जातो. दोन टायरच्या मध्ये अडकलेला दगड काढा. रिमोल्ड टायर (जुन्यावर नवं रबर चढवलेला) पुढच्या चाकाला कधीही नको, कारण पुढचा फुटला की स्टिअरिंग हातातून जातं. नटांवर पाना आपटून आवाज ऐका: घट्ट नट खणखणीत वाजतो, ढिला बद्द वाजतो. नटाभोवती गंजाची लालसर रेघ उठली असेल तर तो हलतोय असं समजा. चाक बदललं असेल तर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा.

आता हवेचा ब्रेक, कारण जीव त्यावर आहे. इंजिन चालू करून प्रेशर पूर्ण भरू द्या. दोन्ही सर्किटचे काटे वर आले पाहिजेत. लाल दिवा किंवा बझर चालू असेपर्यंत गाडी हलवायची नाही. प्रेशर भरलं की इंजिन बंद करा, ब्रेक पूर्ण दाबून एक मिनिट धरा. पहिल्या दाबाला काटा थोडा उतरतो, ते ठीक. त्यानंतर तो डोळ्यांदेखत खाली जात असेल तर गळती आहे. क्लीनरला खाली उभं करा, फुस्स आवाज कुठल्या चाकापाशी येतो ते तो सांगेल. दिवस संपताना टाकीखालचे ड्रेन कॉक उघडून पाणी काढा. मुंबईच्या दमट हवेत ते रोज साचतं. पाण्याबरोबर काळं तेल जास्त येऊ लागलं तर कॉम्प्रेसर दाखवून घ्या.

मागचे दिवे, इंडिकेटर, रिफ्लेक्टर पट्ट्या ओल्या फडक्याने पुसा. चिखलाने झाकलेली पट्टी रात्री नसल्यासारखीच.

मुंबईच्या आत

जड वाहनांच्या बंदीच्या वेळा रस्त्यागणिक वेगळ्या आहेत. दक्षिण मुंबईत बंदी सगळ्यात कडक, आणि गणपती, विसर्जन, मोठे मोर्चे या काळात नवे आदेश निघतात. गणेशोत्सवात मुंबई-गोवा महामार्गावरही जड वाहनं थांबवली जातात. वाहतूक पोलिसांची अधिसूचना निघण्याच्या दिवशी बघा, गेल्या महिन्यातली लक्षात ठेवून निघू नका. वेळ चुकली तर शहराच्या सीमेआधीच टर्मिनलला थांबा. दहिसर, मुलुंड, ऐरोली, वाशी या नाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना टोल माफ झाला, तो ट्रकला नाही; फास्टॅगमध्ये पैसे ठेवा. अटल सेतूवरून मुंबईकडे येणाऱ्या ट्रकला ईस्टर्न फ्रीवेवर चढता येत नाही, शिवडीलाच उतरावं लागतं. कारसाठी लावलेला नकाशा हे सांगत नाही.

उंची पाठ करा. साधा कंटेनर साडेआठ फूट, हाय-क्यूब साडेनऊ फूट, खाली ट्रेलरची उंची वेगळी. किंग्ज सर्कलच्या रेल्वे पुलाखाली उंच गाड्या अडकतात त्या हा एक फूट न मोजल्यामुळे. एकूण उंची मीटरमध्ये मोजून कागदावर लिहा आणि डॅशबोर्डवर चिकटवा.

डावं वळण हा मुंबईतला सगळ्यात धोक्याचा क्षण आहे. तुमच्या डाव्या दारालगत आणि बंपरच्या अगदी पुढे जो पट्टा असतो, तो आरशात दिसत नाही, आणि दुचाकीवाला नेमका तिथेच येऊन थांबतो. वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या आतून जातात, म्हणजे त्याच्याच अंगावर. उपाय असा: वळणाच्या ३०-४० मीटर आधीपासून इंडिकेटर द्या आणि गाडी डाव्या कडेला एवढी धरा की मध्ये दुचाकी शिरणार नाही. जागा कमी असेल तर वळण्याआधी उजवीकडे झुकू नका. झुकलात की डावीकडे फट उघडते आणि कोणीतरी शिरतंच. सरळ पुढे जा, नेहमीपेक्षा उशिरा स्टिअरिंग फिरवा, आणि जी रुंदी लागेल ती ज्या रस्त्यावर जाताय त्या रस्त्याची घ्या. वळताना चालण्याचाच वेग, आणि नजर डाव्या आरशात मागच्या चाकावर. सिग्नलला उभे असाल तर सुटण्याआधी क्लीनरला डाव्या खिडकीतून खाली डोकावून बघू द्या. पुढे म्हातारी माणसं, लहान मुलं बंपरला घासून जातात, ती तुम्हाला वरून दिसतच नाहीत.

रिव्हर्स घेताना आधी खाली उतरा. मागची जागा, वरच्या वायरी, गटाराचं झाकण, सगळं पायी बघून या. शक्य असेल तिथे उजवीकडे वळत मागे घ्या, कारण त्या बाजूला तुम्हाला खिडकीतून दिसतं. क्लीनर मागे उजव्या कोपऱ्यावर, तुमच्या आरशात दिसेल असा उभा राहिला पाहिजे. "येऊ द्या, येऊ द्या" नुसतं ऐकू येतंय आणि माणूस दिसत नाही, अशा वेळी थांबायचं. दिसेनासा झाला म्हणजे तो गाडी आणि भिंतीच्या मध्ये असू शकतो. बॉडीवर एक थाप म्हणजे चालू आणि दोन थापा म्हणजे थांब, की उलट, हे त्याच्याशी आधी ठरवून घ्या, कारण प्रत्येक गाडीवर हे वेगळं असतं.

पावसात अंधेरी किंवा मिलन सबवेसारख्या जागी पाणी दिसलं की मागे फिरा. कुठेही पाणी चाकाच्या हबपर्यंत पोचत असेल तर पुढे जायचं नाही. पाण्यातून बाहेर आल्यावर शे-दोनशे मीटर हलका ब्रेक दाबत चला म्हणजे लायनर (ब्रेकचे घासणारे पट्टे) सुकतील. ब्रेकचा ओला ड्रम पहिल्या दाबाला धरत नाही.

बोरघाट उतरताना

खंडाळ्याहून खोपोलीकडे भरलेली गाडी उतरवणं ही पहिल्या वर्षातली खरी परीक्षा. चढण अवघड वाटते, पण माणसं जातात ती उतारावर.

उतार सुरू होण्याआधीच गाडी सावकाश करा आणि गिअर पाडा. ज्या गिअरमध्ये हीच गाडी हाच घाट चढली असती, त्याच गिअरमध्ये उतरायचं. नवखे असाल तर त्याच्याही एक खाली. उतारावर वेग पकडल्यावर खालचा गिअर पडत नाही, गाडी न्यूट्रलमध्येच राहते आणि मग फक्त ब्रेक उरतो. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून वेग रोखणारा) चालू करा. पायाचा ब्रेक हलका धरून ठेवू नका. समजा ३५च्या वेगाने उतरायचं ठरवलंय: गाडी ३५ला पोचली की ठामपणे दाबून २५वर आणा, सोडा, पुन्हा ३५ होऊ द्या. मधल्या वेळात ड्रमला वारा लागतो. सतत धरलेल्या ब्रेकने लायनर तापतात, गुळगुळीत होतात आणि धरणं सोडतात. पेडल दबतं, प्रेशरही दिसतं, गाडी मात्र थांबत नाही. पुन्हा पुन्हा पंप केलात तर हवा संपते आणि दुसरं संकट उभं राहतं.

न्यूट्रल कधीच नाही. डिझेल वाचतं हा समज चुकीचा आहे: गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की आताच्या इंजिनात डिझेल जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला मात्र ते लागतंच. वर इंजिनची ओढ जाते आणि कॉम्प्रेसर आयडलवर असल्याने हवाही हळू भरते.

जळका, उग्र वास आला किंवा चाकाजवळ धूर दिसला तर डाव्या बाजूला सुरक्षित जागी थांबा, चाकाला लाकडी ठोकळा लावा आणि अर्धा तास तरी तसेच थांबा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तो तडकतो. ठोकळ्याऐवजी दगड लावला असेल तर निघताना तो उचलून कडेला टाका. रात्री तोच दगड मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याचा जीव घेतो. ब्रेक खरंच गेला तर गाडी डोंगराच्या बाजूला घासत न्या, दरीच्या बाजूला नाही, आणि हॉर्न-हेडलाइट चालू ठेवा.

एक्सप्रेस-वेवर डावी लेन तुमची. सपाटीवर जड वाहनाला ८०, घाटात फलकावर असेल तेवढाच वेग, कॅमेरे आहेत. कसाऱ्यालाही हेच सगळं लागू. समृद्धी महामार्गावर गोष्ट उलटी: भिवंडीजवळच्या आमण्यापासून नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर जवळपास सरळ रस्ता, त्यामुळे डोळ्यांवर गुंगी येते आणि टायर सलग तापत राहतात. दर दोन तासांनी ठरलेल्या थांब्यावर उतरा आणि टायरला हात लावून बघा. एकच टायर बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर त्यात हवा कमी आहे किंवा त्या चाकाचा ब्रेक चिकटतोय.

माल आणि ताडपत्री

जड माल खाली आणि आसांच्या मध्ये, हलका वर. सगळं वजन मागे गेलं तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग धरत नाही. लोखंडाची कॉईल असेल तर साखळी आणि दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लागतातच. जोरात ब्रेक लागला की ती केबिनकडे येते आणि केबिनचा पत्रा तिला थांबवू शकत नाही. पहिल्या १०-१५ किलोमीटरनंतर थांबून रस्सी पुन्हा ओढा, माल बसला की ती सैल होतेच.

दोन ताडपत्र्या घालताना आधी मागची पसरा आणि पुढची तिच्यावर चढवा. उलट केलंत तर वारा जोडात शिरतो, ताडपत्री फुगते आणि पाणी आत जातं. फाळक्याच्या खिट्ट्या बंद करून मग तारेने बांधा. मालावर प्रवासी घ्यायचे नाहीत. मालवाहू गाडीतल्या अशा माणसाला विम्याचं संरक्षण मिळत नाही.

न्हावा शेवाला गेलात तर कंटेनरचा नंबर (४ अक्षरं, ७ अंक) आणि सीलचा नंबर कागदाशी ताडून बघा. पत्रा दबलाय, दाराचं रबर फाटलंय, असं काही असेल तर गेट सोडण्याआधी ईआयआरवर (कंटेनर घेता-देताना त्याची स्थिती नोंदवायच्या पावतीवर) लिहून घ्या. नंतर ते नुकसान तुमच्या नावावर चढतं. चारही ट्विस्ट लॉक (कंटेनर ट्रेलरला धरून ठेवणारे खटके) हाताने फिरवून बघा. कोणी सांगितलं तरी सील तोडायचं नाही. थांबावं लागेल असं धरून पाणी आणि डबा सोबत ठेवा, आणि रस्त्याच्या कडेला उभं राहण्यापेक्षा पार्किंग प्लाझात थांबा.

झोप, बिघाड, अपघात

मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ मध्ये दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास काम, आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती अशी मर्यादा होती; २०२५ मध्ये त्या कायद्याच्या जागी नवी कामगार संहिता आली. प्रत्यक्षात काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, तरी हा आकडा मालकापुढे ठेवायला घाबरू नका. पहाटे २ ते ५ सगळ्यात वाईट. लेन सुटतेय, गेलेला फलक आठवत नाही, मान झटकन खाली जातेय, यातलं काहीही झालं की चहा, तंबाखू, गाणी यांनी काम भागत नाही. गोळ्या तर नकोतच. गाडी पार्किंगमध्ये घेऊन वीस मिनिटं झोपा, शक्य असेल तर जास्त. "उशीर होईल" एवढा फोन करा आणि झोपा. मात्र एक्सप्रेस-वेच्या कडेच्या पट्टीवर झोपू नका. उभ्या ट्रकला मागून धडकून कितीतरी जीव गेले आहेत.

गाडी बंद पडली तर आधी चारही इंडिकेटर, मग त्रिकोण. शहरात ५० पावलं मागे, महामार्गावर किमान १०० मीटर, आणि गाडी वळणाच्या पलीकडे असेल तर वळणाच्या अलीकडे. झाडाची फांदी दिवसा दिसते, रात्री नाही. तुम्ही आणि क्लीनर रेलिंगच्या बाहेर उभे राहा.

अपघात झाला तर जखमीला मदत करणं आणि पोलिसांना कळवणं ही कायद्याने तुमची जबाबदारी आहे. १०८ ला अँब्युलन्स, ११२ ला पोलीस, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. जमाव जमला आणि जिवाला धोका वाटला तर जवळच्या पोलीस ठाण्यात जा आणि तिथून नोंद करा, पण फोन केल्याशिवाय पळून जाऊ नका. न कळवता पळणं पुढे फार महागात पडतं. गाडी हलवण्याआधी चार बाजूंनी फोटो घ्या.

हिशेब

एक वही ठेवा, फोनवर विसंबू नका. प्रत्येक खेपेला निघतानाचं आणि पोचतानाचं किलोमीटर, डिझेल, टोल, हमाली, वाराई, पंक्चर, चहापाणी, पावतीसकट. ॲव्हरेज काढायचं तर टाकी काठोकाठ भरून निघा आणि परतल्यावर त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरा: ३०० किलोमीटर झाले आणि ६० लिटर बसलं, तर लिटरला ५. डिझेलवरून वाद होतो तेव्हा ही चार ओळींची नोंद तुमच्या बाजूने बोलते. तीन-चार खेपांत ॲव्हरेज अचानक घसरलं तर टायरची हवा, एअर फिल्टर आणि चिकटणारा ब्रेक या क्रमाने बघा. हॉल्टिंगच्या तासांची नोंद गोदामाच्या गेटवरच्या वेळेसकट करा आणि गेटवरच्या माणसाची बिल्टीवर सही घ्या. महिनाअखेरीला तोंडी सांगितलेले तास कोणी मान्य करत नाही.